घरात कोणी नाही

दचकू नका. आत्ता मी ओरडत नाहीये, नुसता बोलतोय. मी या घराचा अलार्म. दाराशेजारी, चपलांच्या कपाटाच्या वर जो पांढरा डबा दिसतोय ना, तोच मी.

कारखान्यात माझ्यासारखे कितीतरी जण पट्ट्यावरून सरकत होते. प्रत्येकाला एकदा ओरडायला लावायचं आणि खोक्यात घालायचं. त्या खोक्यातून निघालो तो थेट या भिंतीवर. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. मिक्सर, इस्त्री काम झालं की विसावतात. मी मात्र कुठे खुट्ट वाजतंय का, म्हणून सतत कान टवकारलेला. वाऱ्याने खिडकी हलली तरी मी सावध.

सुरुवातीला घरात नवरा-बायको दोघंच. बाहेर पडताना आकडे दाबून मला पहाऱ्यावर बसवायचं, आल्यावर गप्प करायचं. पण नवरा विसरभोळा. "लावलास का अलार्म?" "मला वाटलं, तू लावलास." जिन्यात रोज हीच कटकट. शेवटी त्याने वायरमनला बोलावून मला दिव्यांशी, पडद्यांशी, दाराच्या कुलपाशी आणि दोघांच्या फोनशी जोडून टाकलं. दोन्ही फोन लांब गेले की घराने समजायचं, आत कोणी नाही. दिवे बंद, पडदे ओढलेले, कुलूप लागलेलं आणि मी पहाऱ्यावर.

"सुटलो बुवा एकदाचा!" नवरा म्हणाला.

मग नवऱ्याचे वडील वारल्यावर त्याची आई इथे राहायला आली. तिचा फोन साधा, बटणांचा. तो कोणी घराशी जोडला नाही.

पहिल्याच दिवशी दोघं कामावर गेली आणि ती पाणी प्यायला उठली. पॅसेजमध्ये हालचाल दिसली आणि मी जीव तोडून बोंबललो. सगळे दिवे उघडझाप करायला लागले. तिच्या हातातला पेला निसटला. कानांवर हात दाबून ती भिंतीला टेकून खाली बसली.

मुलाने ऑफिसातून आपल्या फोनवरूनच मला गप्प केलं आणि तिला फोन लावला.

"आई, तू हललीस का?"

"हलले रे. पाणी घ्यायला."

"मग आम्ही नसताना जरा पॅसेजमध्ये येऊ नकोस. रविवारी बघतो त्याचं काय ते."

तो रविवार काही उगवला नाही.

त्यानंतर मला ओरडावं लागलं नाही. मुलाला वाटलं, मिटलं. मला मात्र ती शांतता सोसवेना. पडदे ओढलेल्या घरात तिच्या खोलीतून खोकला ऐकू यायचा, पलंग करकरायचा. आत माणूस आहे हे मला कळत होतं, आणि मला शिकवलेलं एवढंच, की आत कोणी नाही.

एका संध्याकाळी ताटावरून उठताना तिला भोवळ आली. दोघं तिला दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर सून माझ्यासमोरच तिला धरून उभी राहिली.

"आई, डॉक्टर म्हणाले, तुम्ही पाणीच पीत नाही. असं का करता?"

ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं गं. बाथरूम पॅसेजच्या पलीकडे. पाऊल टाकलं की हा बोंबलतो, आणि तुमच्या कामाचा खोळंबा होतो."

मुलाच्या हातात बूट तसाच राहिला. "मला परत सांगितलं का नाहीस?"

"बघतो म्हणाला होतास ना. म्हटलं, बघशील."

सुनेने स्टूल ओढलं, वर चढली आणि माझं झाकण उपटलं. झाकणाला हात लागला की ओरडायचं, अशी मला शिकवण. मी तिच्या तोंडावर ओरडलो. ती उतरली नाही. बॅटरीची वायर हाताला लागेपर्यंत चाचपत राहिली आणि ती ओढून काढली. मग मला आयुष्यात पहिल्यांदा झोप लागली.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. "आजींच्या गळ्यात एक बटण अडकवून देतो, म्हणजे घराला कळेल."

"मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?"

तो हसला आणि त्याने फोनशी असलेली माझी जोडणी तोडली. आता सगळेच बाहेर जाणार असले, तरच शेवटचा माणूस हाताने मला पहाऱ्यावर बसवतो. एरवी पॅसेजमध्ये कोणी आलं की फक्त दिवा लागतो.

तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला घरातली माणसं नीट सांगा हो. आम्हाला फोन तेवढे ओळखता येतात.

ती मात्र अजून पॅसेजच्या तोंडाशी थांबते. एक हात भिंतीला, नजर माझ्याकडे. परवा तिने पाऊल टाकलं, दिवा लागला. ती तिथेच कानोसा घेत उभी राहिली. "नाही ओरडला," असं पुटपुटली आणि स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी प्यायली.

उद्या ती पुन्हा थांबेल. या, काही होणार नाही, असं तिला सांगावंसं फार वाटतं. पण घरात मला एकच आवाज दिलाय, आणि त्यालाच ती भिते.