मेंढरं बसायचं रान

तात्यासोंचा आवाज असा, की वडगावच्या बाजारात त्यांनी मिरचीचा दर विचारला तर पन्हाळ्यावरनं कुणीतरी उत्तर द्यायचं. आणि मन असं जैनाचं, की पाणी गाळून प्यायचं आणि गाळलेले जीव परत विहिरीत सोडायचे.

दर साली दिवाळी सरली की जोतीराम धनगर आपली दोनशे मेंढरं त्यांच्या रानात चार रात्री बसवायचा. मेंढरांनी लेंडीखत द्यायचं, तात्यासोंनी पोतंभर जोंधळा. त्या खताची ताकद काय सांगावी! काठी रोवून जेवायला बसलं, तर उठेतोवर काठीला पालवी.

पण अठ्ठ्याण्णव साली सम्मेदनं, म्हणजे त्यांच्या पोरानं, तिथं ऊस लावला. मुळं खाणारी हुमणी मारायला सरीत दाणेदार विष टाकलं. ते कळलं त्या दिवशी तात्यासोंनी उपास धरला. पण बाजारात जोतीराम भेटला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "औंदा मेंढरं बसवायची न्हाईत."

"का वो तात्या? माझा बा बसवत हुता तिथं."

"ऊस हाय."

"मग बांधाकडंच्या मोकळ्या पडकात बसवतो की."

"पाय ठेवलास तर तंगडी मोडीन."

जोतीराम हसला. "मुंगी बघून पाय उचलणारा माणूस तुमी. माझी तंगडी मोडताय व्हय?"

चार माणसं हसली. विषाची गोष्ट तात्यासोंच्या ओठांवर आली होती, ती ह्या हसण्यानं परत पोटात गेली.

ऊस लावून म्हातारा माजला, असंच जोतीराम समजला. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं हट्टानं मेंढरं पडकात घातली. कोवळे कोंब बघून पुढची पंधरा-वीस सरीत घुसली.

"भाईर काढ!" तात्यासो ओरडत आले.

"काढतो की. चार कोंबांनी भिकारी हुताय व्हय?"

तात्यासो बांधावर थबकले. शेवटी म्हणाले, "जोत्या, सरीत इख हाय."

तोवर पहिली मेंढी गुडघ्यावर बसली होती. तोंडाला फेस. जोतीरामनं आरडाओरडा करून बाकीची हाकलली, तरी दुपारपर्यंत अकरा आडवी झाली.

"बाजारातच इख म्हणाला असतास," जोतीराम म्हणाला, "तर मी ह्या वाटंला आलो नसतो."

तात्यासो तडक वळले. घरातनं कुदळ आणली आणि सत्तरीच्या वयात पडकात खड्डा काढायला लागले. गडी पुढं आला, त्याला मागं सारलं.

जोतीरामनं उरलेली मेंढरं रस्त्याला लावली. वळून एकदा खड्ड्यात डोकावला.

"अजून खोल काढ," तो म्हणाला. "कुत्री उकरून खात्यात. ती बी मरतील."