संघमित्राच्या रक्तात

रामभाऊंचा दमा अख्ख्या चाळीला पाठ होता. अंबरनाथ पश्चिमेला त्यांची खोली. त्यांच्या छातीतली शिट्टी सुरू झाली की शेजारची मंडळी टीव्हीचा आवाज वाढवत. रंगाच्या कंपनीत पावडर उपसता उपसता छाती कामातून गेली, पण जीभ शाबूत होती. "कंपनीने निरोपाला पिपाणी दिली मला," असं स्वतःच सांगत आणि हसता हसता पंप शोधत.

नातीच्या बाबतीत मात्र त्यांची थट्टा बंद पडली. संघमित्रा अजून रांगतही नव्हती, तेव्हा साध्या सर्दीवरून तिला एकदम दम लागला, पोट उडायला लागलं. मुलगा नरेंद्र आणि सून अस्मिता तिला घेऊन उल्हासनगरच्या सरकारी हॉस्पिटलात धावले. व्हायरस फुफ्फुसात उतरला होता. ऑक्सिजनवर राहून पोर सावरली. घरी सोडताना तिथल्या डॉक्टर मॅडमनी तिचं थोडं रक्त मागितलं. त्यांचं संशोधन चाललं होतं. असा आजार होऊन गेल्यावर काही बाळांच्या रक्तात एक प्रथिन वाढलेलं राहतं. अशा बाळांना पुढे घरघर लागते का, हे त्यांना बघायचं होतं.

रामभाऊंचा जीव त्या रक्तात अडकला. पोरीला आपली छाती मिळू नये, एवढंच त्यांना हवं होतं. रिपोर्ट विचारायला ते स्वतः गेले.

"आजोबा, वाढलेलं आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे होईलच असं नाही. पण शक्यता बरीच आहे."

"मग औषध?"

"होऊ नये म्हणून द्यायचं औषध अजून नाहीये. आधी कोणाला होणार ते ओळखता आलं पाहिजे, मग पुढचं. घरात धूर नको. आणि सर्दी-खोकलावाल्यांना बाळापासून लांब ठेवा."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं रामभाऊ घरी घेऊन आले. घरात बारमाही खोकला कोणाला, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

तोवर संघमित्रा झोपायची ती आजोबांच्या छातीवर, त्या शिट्टीच्या तालावर. त्या दिवसापासून त्यांनी तिला हात लावला नाही. अंथरूण गॅलरीत नेलं. ताट वेगळं, कप वेगळा, दोन्ही स्वतः धुवायचे आणि दाराबाहेरच्या फळीवर पालथे घालायचे.

त्यांच्या बायकोने, गंगूबाईंनी, तो कप पाहिला आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली.

"अहो, गावात हॉटेलवाल्याने आपला कप बाहेर ठेवला म्हणून तुमच्या बापाने गाव सोडलं. दीक्षा घेतली. आणि तुम्ही आपल्याच घरात स्वतःचा कप बाहेर ठेवता? लाज नाही वाटत?"

"वाटते," रामभाऊ म्हणाले. "पण पोरीसाठी ठेवतोय."

नरेंद्रनेही डोकं फोडून घेतलं. "पप्पा, दम्याची लागण होत नसते. टेन्शन कायको घेता? चला, मॅडमनाच विचारू."

"काय विचारायचं नाय."

खरं म्हणजे त्यांना विचारायची भीतीच वाटत होती. त्या रिपोर्टवर कोणाकडेच उपाय नव्हता. हा एवढा एक त्यांच्या हातात होता, आणि तोही खोटा निघाला असता तर करायचं काय?

सुरुवातीला पोर त्यांच्याकडे झेपावायची, रडून गोंधळ घालायची. मग रामभाऊ चपला अडकवून खाली निघून जात. हळूहळू ती रडायची थांबली. चालायला लागली, मम्मी म्हणायला लागली, आजी म्हणायला लागली. आजोबांसाठी तिच्याकडे शब्दच नव्हता.

पुढच्या थंडीत तिला पुन्हा सर्दी झाली. दुपारी लाइट गेलेली, चाळ चिडीचूप. गॅलरीत बसलेल्या रामभाऊंना शिट्टी ऐकू आली. सवयीने त्यांचा हात पंपाकडे गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपली छाती शांत आहे. आवाज आतून येतोय.

हॉस्पिटलात पोरीला वाफेचा मास्क लावला. मॅडमनी जुना रिपोर्ट काढून पाहिला. "अंदाज बरोबर निघाला," त्या सोबतच्या डॉक्टरला म्हणाल्या. मग त्यांना वॉर्डाच्या दारात उभे असलेले रामभाऊ दिसले.

"आजोबा, तिकडे का?"

अस्मिताने सगळं सांगितलं. मॅडमना वाईट वाटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "अहो, मी सर्दी-तापाच्या खोकल्याबद्दल बोलले होते. दमा असा जवळ आल्याने लागत नाही. तुमच्यामुळे काही झालं नाही, आणि लांब राहून काही टळणारही नव्हतं. या, घ्या तिला खुशाल."

रामभाऊंनी नळावर हात धुतले, शर्टाला पुसले. पुढे येऊन त्यांनी दोन्ही हात पसरले. किती दिवस ते या एका गोष्टीसाठी आतल्या आत तडफडत होते.

संघमित्राने मास्कवरून त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं. आणि आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारून ती किंचाळून रडायला लागली. मास्क निसटला, शिट्टी वाढली, पोट भराभरा उडायला लागलं.

"आजोबा, तुम्ही जरा लांब थांबा बघू," नर्स घाईने म्हणाली. "रडली की हिचा दम वाढतोय."

रामभाऊ मागे सरकत सरकत दारापर्यंत गेले.