कोरडी चादर

जयवंता सिस्टरने रिकामी काचेची बाटली स्टँडवरून उतरवली, भरलेली उलटी टांगली आणि रबरी नळीतली हवा टिचकी मारून घालवली. गॅस्ट्रोची साथ होती, नागपूरचा उन्हाळा होता, आणि त्या वॉर्डात तिचे हात आपोआप चालत होते. मनाचं म्हणाल, तर ते केव्हाच बधिर झालं होतं. सकाळी कोण गेलं हे संध्याकाळी तिला आठवतही नसे.

खाटेवर उमरेडकडची प्रयागबाई. जुलाब थांबले होते, पण डोळे पार खोल गेलेले. पायथ्याशी नवरा रुपराव, उशाशी सून प्रेमिला.

"सिस्टर, हे मिठाचंच पाणी काहून लावून राहिले तुम्ही?" रुपराव म्हणाले. "बाजूच्या बाईले ग्लुकोज हाय. आमच्या माणसाले ताकद नोको का?"

"तिले खाणं जात नाही, म्हणून तिले साखर. आजीच्या अंगातलं मीठ-पाणी गेलं बाबाजी, ते साखरेनं कसं भरंल?"

रुपरावांना काही ते पटलं नाही. ग्लुकोज म्हणजे औषध आणि मीठ म्हणजे फुकटचं, अशी साऱ्या वॉर्डाचीच समजूत होती.

खरं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. जुलाबातून पोटॅशियम निघून जातं. ते भरलं नाही तर हातपाय लुळे पडतात, पोट फुगतं, शेवटी हृदय थांबतं. पण रोग्याला लघवी होतेय याची खात्री झाल्याशिवाय ते सलाईनमध्ये घालता येत नाही. किडनी बंद असली तर तेच औषध जीव घेतं. जयवंताने पोटॅशियम मागवून ठेवलं होतं. लघवीसाठी नळी घालू म्हटलं, तर प्रयागबाईने लुगडं दोन्ही मुठींत असं काही आवळलं, की बाप रे! सिस्टरने नाद सोडला.

"आजीले लघवी झाली का वं?" दर बाटलीला ती विचारायची.

प्रेमिला पदर पुढे ओढून नुसती मान हलवायची. नाही.

राऊंडला डॉक्टरांनी तेच विचारलं. त्यांच्यामागे शिकाऊ पोरांचा घोळका.

"नाही," प्रेमिला जमिनीकडे बघत म्हणाली.

"किडनी बसलेली दिसते. पोटॅशियम देऊ नका, सलाईनही हळू करा," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

दुपारी प्रयागबाईचं पोट फुगलं. हात उचलून सोडला की धपकन पडायचा. ऊन उतरायच्या आत ती गेली.

जयवंताने सुई काढली आणि कापूस दाबून धरला. आता रक्त थोडंच येणार होतं, पण सवय. रुपराव गाडी बघायला खाली गेले. प्रेमिला सासूचं लुगडं सारखं करू लागली, तेव्हा मदतीला म्हणून सिस्टरने खालची चादर ओढली. ती कोरडी, स्वच्छ होती आणि वॉर्डाची नव्हती.

"ही घरची?"

"माह्यं जुनं लुगडं हाय ते, फाडून आणलं होतं." वॉर्डात आल्यापासून प्रेमिला पहिल्यांदाच मोकळं बोलत होती. "सकाळपासून लघवीनं ओलं होऊन राहिलं होतं. मी लगेच बदलत होती, अन् मोरीत धुऊन टाकत होती. सासूबाईनं शपथ घातली, सासऱ्यासमोर बोलजो नोको म्हणे. अन् त्या डॉक्टरच्या पोरायसमोर कसं सांगाव, तुम्हीच सांगा." तिने डोळे पुसले. "त्याइची लाज राखली मी, सिस्टर. कोणाले कळू नाही दिलं."

जयवंताच्या हातात चादर तशीच राहिली.

"माह्याकडून सेवेत काही कमी तं नाही ना राहिली?"

खरं काय ते सांगून टाकावं, असं जयवंताच्या अगदी ओठांवर आलं. पण ती स्वतः ज्या ज्या वेळी विचारायला आली, त्या त्या वेळी रुपराव इथेच, पायथ्याशी उभे होते. तिने एकदाही त्यांना हलवलं नव्हतं.

"नाही वं," ती म्हणाली. "काही कमी नाही राहिली."

पलीकडच्या खाटेवर नवीन पोर आली होती, जेमतेम लग्नाच्या वयाची. भोवती बाप आणि काका उभे.

"तुम्ही जरा बाहेर जा."

"काहून, सिस्टर?"

"बाहेर जा म्हटलं ना!"

अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. जयवंता सिस्टरचा असा आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. ते दोघे मुकाट्याने निघून गेले. ती पोरीच्या कानाशी वाकली आणि हळूच विचारलं, "लघवी झाली का वं?"