घेणारा नसलेला माल

आर्णीत सदाशिवरावांचं औषधाचं दुकान होतं, मागे घर. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते दुपारी यवतमाळहून परतले, तर दुकानातली दोन खोकी गायब!

साठ-एकसष्टचं साल असेल. औषध-निरीक्षकांनी मागच्या खेपेला बिघडलेली इंजेक्शनं त्या खोक्यांत भरून मोहोर लावली होती. "माझ्यासमोरच नष्ट करायची. बाटली इकडेतिकडे झाली, तर लायसन रद्द आणि वर खटला," असं बजावलं होतं. आज तेच येणार होते.

"अवो, मीच धाडली नाल्यात फेकाले," त्यांच्या पत्नी लीलाबाई म्हणाल्या. "उद्या सण, घान कायले घरात? बंजारा तांड्यातला खेमसिंग बैलबंडी घेऊन चाललाच होता."

"नाल्यात? तिथं ढोरं पानी पेतात, बाई!"

तेवढ्यात निरीक्षक दारात. सदाशिवरावांनी घडलं ते सांगून टाकलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "चला नाल्यावर."

वाटेत सदाशिवरावांना डोळ्यांपुढे दुकानाला ठोकलेलं कुलूपच दिसत होतं.

नाल्याकाठी बैल चरत होते. सोडलेल्या बंडीत खोकी जशीच्या तशी, मोहोरेसकट, आणि त्यांना टेकून खेमसिंग भाकर खात होता.

"अबे, फेकली नाहीस काहून?"

"कोनाले देऊ, सेठ? सकाळपासून वाट पाहून राह्यलो. घेनारा आलाच नाही."

"फेकाच्या मालाले कायचा घेनारा?"

"मले नाही मालूम. बंडीवर चढला माल घेनाऱ्यानं 'पावला' म्हनल्याबिगर आमी उतरवत नाही. माह्या आज्याच्या बैलावरचं मीठ पुरात अर्धं वाहून गेलतं. उरलेलं चिखलासकट धन्याच्या दारात नेऊन टाकलं त्यानं!"

निरीक्षकांनी मोहोरा तपासल्या. मग मिशीतल्या मिशीत हसू फुटलं, ते थेट पोटापर्यंत गेलं. "पावला रे बाबा, पावला!"

"हां, आता उतरवतो," म्हणत खेमसिंगनं खोकी खाली घेतली.

पाण्यापासून लांब, उंचवट्यावर खड्डा घ्यायचा ठरला. सदाशिवराव धोतर खोचून स्वतःच खणू लागले.

"सेठ, जरा दमानं! पाय तोडसान सोताचा."

बाटल्या फोडल्या, वर चुना टाकला, माती लोटली. निरीक्षकांनी बंडीवरच कागद ठेवून पंचनामा लिहिला. "दुकान चालू द्या. पण पुन्हा खोकं हललं, तर बाईंनाच आत टाकीन."

सदाशिवरावांना काय करू नि काय नको झालं. ते धावत जाऊन बैलाच्याच गळ्यात पडले. बैलानं निवांतपणे त्यांची टोपी चाटली.