पाचशे किलोमीटर राहिले तेव्हा

टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर तात्यांना घरी बसवेना, म्हणून त्यांनी हे काम पत्करलं. कुणी अनोळखी माणूस आपल्या अस्थिमज्जेतल्या पेशी दान करायचा. त्या थंड पेटीतून दुसऱ्या शहरातल्या रुग्णापर्यंत न्यायच्या. देणारा कोण, घेणारा कोण, विचारायचं नाही. पेटी क्षणभरही नजरेआड करायची नाही.

"आपली पोरं लहान होती तेव्हा कुठे होतात असे?" बायको म्हणायची.

त्या दिवशीचा प्रवास तीन हजार नऊशे किलोमीटरचा. विमानात पाच तास दहा मिनिटं. पण या दवाखान्यापासून त्या दवाखान्यापर्यंत धरले तर अकरा तास. तात्यांनी पेटी पायांत घट्ट धरली. लघवीला गेले तेही पेटी घेऊनच. उतरायच्या आधी विमान वीस मिनिटं घिरट्या घालत राहिलं, तेव्हा मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला.

दुपारी तीनला ते वॉर्डात पोचले. सिस्टरने पेटीतलं तापमान बघितलं, कागदावर सही केली, आणि मग म्हणाली, "काका, जरा बसा. पेशंट गेली. दोन तास झाले."

"विमानाला उशीर झाला म्हणून..."

"नाही हो. तुम्ही तेव्हा वरच होतात. जंतुसंसर्ग सकाळीच हाताबाहेर गेला होता."

बाहेर बाकावर एक गृहस्थ मोबाईल हातात धरून बसले होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं. "तुम्हीच का विमानातले?"

नियम आठवायच्या आत तात्यांच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"मी तिचा बाप. सिस्टरकडून विमानाचा नंबर घेऊन ते यावर बघत होतो. पोरगी काचेपलीकडून फोनवर विचारायची, बाबा, किती राहिलं? मी सांगायचो, अडीच हजार. दीड हजार. समुद्र ओलांडला बघ." त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. "आठशे म्हटलं तेव्हा तिनं मान हलवली. पाचशेला विचारलंच नाही. मी आपला सांगतच राहिलो."

तात्या त्यांच्याशेजारी टेकले.

"मुलगा निघालाय. तो येईपर्यंत बसाल?"

"बसतो की."

"तुमचं परतीचं विमान?"

"ते बघू."

थोड्या वेळाने सिस्टरने रिकामी पेटी आणून दिली. आतली पेशींची पिशवी नियमानं नष्ट करावी लागेल, असं हळूच सांगून ती गेली. पण बापाने ते ऐकलं होतं.

"ज्यानं दिलं, त्याला हे कळवतात का हो?"

"कळवत असतील."

"नका कळवू म्हणावं. उगाच त्याच्या जिवाला लागेल."

दिवेलागणीला मुलगा आला आणि बापाच्या गळ्यात पडला. तात्या पेटी उचलून जिना उतरले. खाली बायकोचा फोन आला. "पोचलात ना? वेळेत?"

"वेळेत पोचलो," तात्या म्हणाले, आणि रिकामी पेटी मांडीवर घेऊन पायरीवर बसले.