मुठीतली अजरक

चामटोलीच्या माळावर त्या दिवशी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. बारकू भगताच्या शेतात तलवार सापडली होती आणि लिंबू कापलं की ती रक्त ओकत होती! "आली रं आय, आली!" म्हणत बारकू मांडलेल्या देवीपुढे धुनीजवळ घुमायचा, सपकन लिंबू कापायचा, लालभडक रस ठिबकायचा. तोच रस म्हणे सगळ्या रोगांवर औषध. पोट दुखलं, रस. म्हैस आटली, रस. अहो, नवरा नांदवत नाही, तरी रसच!

मागे उभ्या असलेल्या जयदेव गुरुजींना मात्र मान वर करवत नव्हती. आठ दिवसांपूर्वी बारकूने तलवार त्यांच्याच हातात दिली होती. "गुरुजी, कुठली ही?" गुरुजींना तलवारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सगळं गाव तोंडाकडे बघतंय आणि मास्तराने 'ठाऊक नाही' म्हणायचं? मुठीवरची चांदीची वेल न्याहाळत त्यांनी दिलं ठोकून, "शिवकाळातली. अस्सल मराठी!" झालं, बारकूचं फावलं.

रांगेत पुतळी उभी होती, कडेवर पोर ठमी. तिच्या पायाला विळा लागला होता. दवाखाना सोडून जखमेवर रोज हाच रस. पाय भोपळ्यासारखा सुजला.

"पुतळे, बदलापूरला डॉक्टरकडे ने गं तिला," गुरुजी म्हणाले.

"तुमीच सांगलाव ना, तलवार खरी हाय म्हनून?"

गुरुजी दोन पावलं मागे सरकले.

तेवढ्यात उल्हासनगरच्या कॅम्पातून कापडाचं गाठोडं घेऊन आलेला खूबचंद सिंधी गर्दीत घुसला.

"अरे साईं, ये तो मेरी है! सिंधमधल्या शिकारपूरची. पेट के लिए भंगारवाल्याला विकली मी."

"चल हट!" बारकू खेकसला. "गुरुजींनी सांगितलंय, मराठी हाय!"

"मूठ ढिली होती, मैंने खुद लाखेने बसवली. अंदर अजरक का, हमारे सिंधी छापे के कपडे का टुकडा है. गरम करके देखो."

सगळे गुरुजींकडे वळले. पण या वेळी त्यांनी बारकूच्या हातून तलवार घेतली आणि मूठ धुनीवर धरली. लाख पाघळली, मूठ सुटली. आत निळ्या-तांबड्या ठशांची चिंधी निघाली. खूबचंदच्या खांद्यावरचं उपरणं तसंच होतं.

"कुटली का असंना, रगत तर खरं!" बारकू किंचाळला.

देवीमागे वाटीत जास्वंदीची फुलं चेचलेली होती. गुरुजींनी ती एका कोयत्याला चोळली, सुकू दिली, लिंबू कापलं. लालभडक! कोयता धुऊन पुन्हा कापलं. साधं लिंबाचं पाणी.

"जास्वंदीच्या रसाला आंबट लागलं की तो लाल होतो. रक्त कसलं डोंबलाचं!"

लोक खो खो हसले. बारकूने केव्हाच पोबारा केला होता. पुतळी तेवढी हसली नाही. ठमीला गाडीत घालून गुरुजी तसेच बदलापूरला गेले.

"पाय वाचेल, दोन बोटं जातील," डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस काय झोपला होतात?"

रविवारी गुरुजी त्याच माळावर हात जोडून उभे राहिले. "बारकूने भंगारातली तलवार शेतात पुरली, फुलं चोळली; मी नुसती थाप मारली. तलवार कुठली, मला ठाऊक नव्हतं. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, कशावरून? मी सांगितलं तरी विचारा. आणि दुखणं आलं तर डॉक्टर गाठा."

मागून पुतळीने विचारलं, "मंग गुरुजी, त्या दिवशीच का नाय सांगलाव, ठाव नाय म्हनून?"

गुरुजींनी मान खाली घातली.

"लाज वाटली गं."