हात न लावता

डेमेटर देवीच्या उत्सवाच्या आदल्या दिवशी आई अंगणात लोकर पिंजत होती. पांढऱ्या लोकरीत एखादा केशरी धागा मिसळायची तिची सवय होती. बाबा शेजारी ऑलिव्ह खात बसले होते.

"त्या कुंभारांचं काय करणार आहात?" तिने विचारलं.

बाबांच्या नव्या तटबंदीसाठी घरं सोडायला नकार देऊन तीन कुंभार देवळात जाऊन बसले होते. लोकर गुंडाळलेली फांदी घेऊन देवळाच्या आवारात बसलेल्याला कुणी हात लावत नाही. राजाही नाही.

"हात कशाला लावायचा? दारात ओला पाला पेटवू. येतील खोकत बाहेर."

"अहो, चुकतंय तुमचं."

"असं बोलणारी गावात तू एकटीच उरलीस," बाबा हसले.

"म्हणून तर बोलते. आणि बिया अंगणभर टाकू नका."

बाबांनी मुकाट्याने बिया गोळा केल्या.

पहाटे आई शाल डोक्यावरून ओढून निघाली. उत्सवाला बायका टेकडीवर मुक्कामाला जातात, पुरुषांना तिकडे मज्जाव असतो. माझा पाय मुरगळला होता, म्हणून मी घरीच राहिले.

दुपारी पहारेकरी फिलाग्रोस धापा टाकत आला.

"महाराज, देवळातून बाईचा आवाज येतोय."

"बाईचा?"

"बाईसाहेबांसारखा वाटला. धूर फार आहे, नक्की सांगता येत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "निकेसो, आई कुठे आहे?"

"उत्सवाला," मी म्हणाले. मला तेवढंच ठाऊक होतं.

"ऐकलंस? काय दिलं रे तुला कुंभारांनी? उद्या म्हणशील, देवीच आतून हाका मारतेय."

"एकदा येऊन तरी बघा, महाराज."

"आणखी पाला टाका."

राजा होण्यापूर्वी याच माणसाने एका मेंढीच्या भांडणाचा निवाडा करताना दोन डोंगर चालून आधी मेंढी पाहिली होती. देऊळ तर आमच्या दारातून दिसत होतं.

संध्याकाळी चौघांना बाहेर आणून आवारात ओळीने निजवलं. बाबांमागून मीही लंगडत तिथे गेले. तीन कुंभार आणि तोंडावर शाल ओढलेली एक बाई. तिच्या फांदीवरची लोकर काजळली होती. मुठीत होती तेवढीच पांढरी राहिली होती, आणि तिच्यात केशरी धागा होता. मला शाल बाजूला करवेना. बाबांनी केली.

आपण आत आहोत हे कळल्यावर बाबा थांबतील, एवढाच तिचा भरवसा असावा.

मग बाबांचा आवाज आला, रोज दरबारात यायचा तसाच.

"फिलाग्रोसला बांधा. याने नीट सांगितलं असतं तर मी थांबलो नसतो का? सकाळी कड्यावरून लोटा याला."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोर उचलला. फिलाग्रोस जागचा हलला नाही. गावातले सगळे पुरुष आवारात उभे होते, पण कुणी तोंड उघडेना.

बाबांना उलट बोलणं हे आमच्या घरात आईचं काम होतं. मी ते कधी केलं नव्हतं.

तिची बोटं उघडायला वेळ लागला. फांदी सोडवून मी फिलाग्रोसच्या हातात दिली आणि त्याला तिथेच, तिच्या शेजारी बसवलं.

"दोर खाली ठेवा," मी शिपायांना म्हणाले. मग बाबांकडे वळले. "बाबा, चुकलं ते तुमचं."